दोन तार खळीनं चिकटले की काय होतं: व्हील ऑफ टाइममधल्या जुळलेल्या आत्म्यांच्या थिअऱ्या आल्या कुठनं

आधीच सांगतो, खाली शेवटच्या पुस्तकापर्यंतचं सगळं फोडलंय, वाचत असाल तर इथंच थांबा, मागनं शिव्या देऊ नका.

झालं असं की निपाणीचा आमचा मावसभाऊ व्हील ऑफ टाइमची सिरीज बघत होता, ती 2025 मध्ये तीन सीझनवरच गुंडाळली, मग ह्यानं शेवट शोधून वाचला आणि रात्री साडेदहाला फोन. "दादा, शेवटी त्या रँडचं आणि त्या मोरिडिनचं शरीर बदलतंय म्हणे, हे लेखकानं ऐनवेळी घुसडलं काय?" (रँड हा नायक, मोरिडिन त्याचा वैरी.) नाही रे बाबा. घुसडलेलं नाही, त्याला सतरा वर्षांची पार्श्वभूमी आहे. फोनवर सांगायला गेलो तर बॅटरी संपली, म्हणून इथं लिहितोय.

व्हील ऑफ टाइम ही इंग्रजी कादंबऱ्यांची मालिका रॉबर्ट जॉर्डनची. हे टोपणनाव, खरं नाव जेम्स ऑलिव्हर रिग्नी, अमेरिकेतल्या चार्ल्सटनचा माणूस, व्हिएतनामला लढून आलेला आणि फिजिक्स शिकलेला. पहिलं पुस्तक 1990 चं. 16 सप्टेंबर 2007 ला तो गेला, मालिका अर्धवट, मग त्याच्या नोंदींवरून ब्रँडन सँडरसननं शेवटची तीन पुस्तकं पुरी केली, त्यातलं शेवटचं 2013 ला आलं. एकूण चौदा, शिवाय आधीच्या काळातलं एक छोटं. म्हणजे वाचकांना अंदाज बांधत बसायला तेवीस वर्षं मिळाली, आणि वर हा गडी कुणी काही विचारलं की एकच उत्तर द्यायचा, वाचा म्हणजे कळेल. त्याची इंग्रजी आद्याक्षरं जोडून वाचकांनी 'राफो' असा शब्दच करून टाकला. थिअऱ्यांचं पीक येणार नाही तर काय होणार.

आता मुळाशी जाऊ. काळाचं चाक ही कल्पना आपल्याला काय नवीन नाही, जॉर्डननंही ती हिंदू विचारातनंच उचललीय, फक्त आपली युगं चार आणि त्याची सात. आपल्याकडं एका चौकडीला 43,20,000 वर्षं लागतात, त्याच्याकडं असा आकडाच नाही. पण एक मोठा फरक आहे आणि माझ्या मते निम्म्या थिअऱ्या तिथंच घसरल्यात. त्याच्या जगात पुनर्जन्म आहे पण कर्म नाही! मागच्या जन्मी काय केलंस म्हणून हा जन्म, असा हिशोबच नाही. चाक विणतंय, प्रत्येक आत्मा म्हणजे एक धागा, नक्षीला जिथं जो धागा लागेल तिथं तो घातला जातो. चांगलाय म्हणून नाही, वाईटाय म्हणून नाही, लागतोय म्हणून.

आमच्या बेळगावच्या वडगावात हे समजायला पुस्तक लागत नाही. शहापूर-वडगाव-खासबाग पट्ट्यात मागांच्या खडखडाटातच पोरं मोठी होतात, काकाच्या घरी दोन माग होते, धोटा इकडून तिकडं जाताना बघत मी अभ्यास करायचो (म्हणजे करायचो नाही). ताण्याच्या तारेला कुणी विचारत नाही बाई तुला काठात जायचंय की अंगात. मालिकेत तावेरेन म्हणून जी माणसं आहेत, रँड, मॅट, पेरिन, ती म्हणजे असे धागे की ज्यांच्याभोवती बाकीचे धागे आपोआप वळतात. आणि मिन नावाच्या पोरीला माणसाच्या डोक्याभोवती चित्रं दिसतात, ती खरी ठरतातच. पाचवीच्या रात्री कोरा कागद आणि पेन ठेवतो ना आपण सटवाईसाठी, तसलं. फक्त सटवाई लिहून जाते आणि वाचता कुणाला येत नाही, हिला वाचता येतंय पण दर वेळी अर्थ लागत नाही.

तर पहिली गाजलेली थिअरी बर्गिट आणि गायडल केनची. ही जोडी प्रत्येक जन्मात एकमेकांना भेटतेच, ती देखणी आणि तो दिसायला कुरूप, दर वेळी. मधल्या काळात दोघं स्वप्नांच्या जगात पुढच्या जन्माची वाट बघत थांबतात. वटपौर्णिमेला आपल्या बायका सात जन्म मागतात, ह्यांना मागायचीही गरज नाही आणि साताची मर्यादाही नाही. 1993 च्या पाचव्या पुस्तकात गायडल तिथनं दिसेनासा होतो, म्हणजे जन्माला गेला, आणि लगेच बर्गिटला मोगेडिएन नावाची खलनायिका तिथनं जबरदस्तीनं उपटून जिवंत जगात फेकते, जन्म न घेताच, पूर्ण वाढलेल्या बाईच्या रूपात. आता जोडीचं काय? पुढच्याच वर्षी, 1994 च्या पुस्तकात ओल्व्हर नावाचं एक अनाथ पोरगं येतं, मोठे कान, रुंद तोंड, दिसायला कसंतरीच. झालं! लोकांनी जाहीर करून टाकलं की हाच गायडल. पोरगं नऊ-दहा वर्षांचं आणि गायडल गेला कालपरवा, तर म्हणे स्वप्नाच्या जगात वेळ वेगळी चालते. जॉर्डन सहसा काहीच सांगत नव्हता पण इथं त्यानं सरळ सांगितलं की ओल्व्हर गायडल नाही, वयाचा हिशोब बसत नाही. तरी लोक काय ऐकतात! मला वाटतं ह्या थिअरीमागं हिशोब नव्हताच, माया होती, त्या बाईचा माणूस तिला मिळावा एवढंच. आणि गंमत बघा, शेवटच्या पुस्तकात मेलेल्या वीरांना बोलावणारं शिंग वाजवतो तो ओल्व्हरच, आणि त्या हाकेला मेलेली बर्गिट परत येते. म्हणजे दोघांचं नातं होतं, पण लोकांनी धरलेलं ते नव्हतं.

चिकोडीच्या माझ्या कन्नड मित्राला हे सांगितलं तर तो पटकन म्हणाला, "ऋणानुबंध". त्यांच्यातही हाच शब्द आहे, अर्थही तोच. सीमाभागात बोर्डावरच्या अक्षरांवरून भांडणं होतात, पण ह्या शब्दावरून कुणी भांडलेलं मी तरी बघितलं नाही. तरी मी त्याला म्हटलं की जॉर्डनकडं अनुबंध आहे, ऋण नाही, तेवढं सोडून बोल.

दुसरी थिअरी रँडच्या डोक्यातल्या आवाजाची. तीन हजार वर्षांपूर्वीचा ल्यूज थेरिन, ज्यानं वेडाच्या भरात आपल्याच बायकापोरांना मारलं, तो रँडच्या डोक्यात बडबडतोय. खरंच तो आहे की रँडला वेड लागलंय? एक शरीर, दोन आत्मे, असं म्हणणारे लई होते. आपल्या माणसाला हे कोडं लवकर सुटतं कारण गीतेत कृष्ण अर्जुनाला तेच सांगतो, तुझे माझे पुष्कळ जन्म होऊन गेले, मला ते आठवतात, तुला आठवत नाहीत. आता अर्जुनाला अचानक आठवायला लागलं तर? तेच रँडचं. आत्मा एकच, आठवणी दोन जन्मांच्या. 2009 च्या पुस्तकात तो डोंगराच्या टोकावर बसून सगळं जग जाळायच्या बेतात असताना विचारतो, पुन्हा पुन्हा जन्म कशाला? उत्तर मिळतं की पुन्हा माया करता यावी, मागचं चुकलेलं ह्या खेपेला नीट करता यावं. तुकोबा देवाला म्हणतात ना, मुक्ती नको, खुशाल गर्भवासात घाल, तिथंच येऊन टेकतंय हे. आणि त्याच्या विरुद्ध टोकाला मोरिडिन, जो मूळचा इशामेल, मेल्यावर सैतानानं नव्या शरीरात घातलेला, त्याला चाकच मोडायचंय. त्याला सुटका पाहिजे, पण आपली एकट्याची नाही, सगळ्यांचीच.

आणि आता मावसभावाचा प्रश्न. 1996 चं सातवं पुस्तक, शादार लोगोथ नावाचं शापित शहर. रँड पडता पडता एक अनोळखी माणूस त्याला वाचवतो आणि समोरच्या संकटावर दोघं एकाच वेळी बेलफायर सोडतात. बेलफायर म्हणजे जाळणं नव्हे, धागाच नक्षीतनं मागे मागे उसवत जाणं. त्या दोन झोतांचा एकमेकांना स्पर्श होतो. दोन ओळी, बस्स. पण त्यानंतर रँडला जादूची शक्ती धरताना मळमळतं, डोळ्यासमोर एक चेहरा येतो, आणि वाचकांनी हे सगळं एकाला एक जोडत नेलं. 2005 मध्ये रँडचा डावा हात गेला तेव्हा लोक मोरिडिनच्या डाव्या हातावर लक्ष ठेवून बसले होते. शेवटच्या लढाईत तर मोरिडिन स्वतःच्याच हातात खंजीर खुपसतो आणि तलवार पडते रँडच्या हातातनं!

मागावर हे मी बघितलंय. ताण्याला खळ जास्त झाली की शेजारचे दोन तार एकमेकांना चिकटतात, फणीतनं जोडीनंच जातात, साडीवर तेवढीच एक जाड रेघ उमटत राहते. काकी नखानं सोडवायची. घाई केली की दोन्ही तार पिंजतात, मग एक ओढला तर दुसरा येतो. ही थिअरी खरी ठरली कारण ती बांधणाऱ्यांनी नशीब, प्रेम, जन्मोजन्मी असलं काही धरलं नव्हतं, फक्त हा तार त्याला कुठं चिकटला ते शोधलं होतं. शेवटी लढाईच्या गुहेबाहेर रँडचं शरीर मरतं आणि मोरिडिनच्या शरीरात डोळे उघडतात ते रँडचे. तो शेवटचा प्रसंग जॉर्डननं जाण्याआधी स्वतः लिहून ठेवलेला होता. ऐनवेळी घुसडलं म्हणे.

सिरीजवाल्यांनी एक नवीन फाटा काढला, ड्रॅगन (म्हणजे रँडच्या रूपात परत आलेला ल्यूज थेरिन) बाई म्हणूनही जन्माला येऊ शकतो. पुस्तकवाले चिडले, कारण जॉर्डनकडं आत्म्यालाच लिंग असतं, पुरुषाचा आत्मा बाईच्या शरीरात घातला तरी तो पुरुषांचीच शक्ती वापरतो. अंबेचा शिखंडी ऐकत मोठं झालेल्या आपल्याला त्यात एवढं चिडण्यासारखं काय दिसत नाही, पण असो, तो वेगळा विषय.

परवा मावसभावाचा परत फोन. "दादा, पुस्तकं वाचालोय आता. पण शेवटाला तो नुसत्या विचारानं चिलीम पेटवतोय म्हणे, शक्ती तर गेलेली, मग ते कसं?" पुस्तकात कारण दिलेलंच नाही आणि माझी एक थिअरी आहे, पण तो अजून दुसऱ्या भागात आहे. म्हटलं, वाच, म्हणजे कळेल.