जुन्या दुनळी शॉटगनची पारख

जुनी दुनळी शॉटगन घेण्यापूर्वी तिचे भाग मूळचे आहेत का, नळ्या किती झिजल्या आहेत आणि मधल्या काळात तिच्यावर कोणकोणते हात फिरले, हे तपासणे म्हणजे तिची पारख. किंमत मुख्यतः यावर ठरते. कोरलेल्या नावावर विसंबू नये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेल्जियममधल्या स्वस्त बंदुकांवर नामवंत इंग्लिश कारागिरांशी मिळतीजुळती नावे सर्रास घातली जात. लंबगोलात ‘ईएलजी’ अक्षरे दिसली की नळी बेल्जियममधल्या लीज शहरातल्या, नळ्यांची ताकद तपासणाऱ्या चाचणीगृहातून गेलेली, वर नाव कोणाचेही असो.

म्हणून बंदूक आधी खोलावी. नळ्या, ॲक्शन (बार उडवणारी यंत्रणा असलेला मधला भाग) आणि नळीखालचे लाकूड यांवरचे क्रमांक जुळायला हवेत. नळीच्या बुडाचे शिक्के तर वाचता येणाऱ्याला बरेच काही सांगतात. ब्रिटिश नळीवर ‘नॉट फॉर बॉल’ (एकसंध गोळीसाठी नव्हे) असेल तर ती 1875 ते 1887 मधली, चोक असलेली, म्हणजे तोंडाशी किंचित अरुंद केलेली. ‘स्लीव्ह्ड’ असेल तर जुन्या बुडात नव्या नळ्या बसवलेल्या. शिकारीला चालेल, पण संग्राहकाच्या लेखी भाव पडतो. नायट्रो चाचणीचा, म्हणजे बिनधुराच्या दारूला नळी टिकल्याचा, शिक्का नसेल तर आधुनिक काडतूस घालण्याचा विचारही करू नये. डमास्कस, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या, नळ्यांच्या बाबतीत हे विशेष पाहावे. शिवाय जुन्या 12 बोअरच्या बंदुकीचा चेंबर, म्हणजे काडतूस बसण्याची जागा, पुष्कळदा अडीच इंची असतो आणि पावणेतीन इंची काडतूस त्यात निमूट बसते, पण बार उडताना त्याचे तोंड पुरते उघडायला जागा नसल्याने दाब वाढतो, हीच गोम.

नळीतले खड्डे घासून काढले की आतून ती चकाचक दिसते आणि भिंत पातळ होते. जाडी गेजनेच मोजावी, 0.020 इंचाखाली, म्हणजे साधारण अर्ध्या मिलिमीटरखाली, जाणकार सावध होतात. सुट्या नळ्या खालच्या आकड्याला दोरीने लटकवून बोटाच्या पेराने ठोकाव्यात. नाद खणखणीत आला तर ठीक. बद्द आला तर दोन नळ्या जोडणाऱ्या पट्टीचा डाख कुठेतरी सुटला असावा. पुढचे लाकूड काढून नळ्या आडव्या हलवल्या की नळ्या आणि ॲक्शन यांच्या जोडाची ढिलाई कळते.

अति चकचकीत बंदुकीचा संशय घ्यावा. नक्षीच्या कडा बोथट आणि स्क्रूच्या खाचा फाटलेल्या असतील तर ती पॉलिशवाल्याच्या हाती पडून गेली आहे. तोंडाशी दोन नळ्यांमध्ये फट राहून ती डाखाने भरलेली दिसली तर नळ्या कापल्याचे समजावे. चोकही त्यासोबत गेलेला असतो. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड यांसारख्या निर्मात्यांच्या जुन्या वह्यांत क्रमांकावरून मूळ लांबी सापडते. वहीत 30 इंच आणि हातात 27 असतील, तर घासाघीस तिथूनच सुरू करावी.