क्वेसारचा मतलई वारा

एप्रिलच्या काळोख्या रात्री गुहागरच्या किनाऱ्यावर आम्ही आठ इंची दुर्बीण लावतो. खाऱ्या हवेचा दमट थर आरशावर धरायच्या आत कन्या राशीतला ३सी २७३ हा क्वेसार गाठायचा असतो. क्वेसार म्हणजे दूरच्या दीर्घिकेचा झगझगीत गाभा; तिथलं महाकाय कृष्णविवर वायू गिळतं आणि तो उजळतो. दिसतो तो एक फिकट ठिपका. त्याचा प्रकाश निघाला सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. आपल्या सड्याखालचा काळा दगड जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा.

१९६२ साली चंद्र या ठिपक्यावरून सरकला, तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या रेडिओ दुर्बिणीने त्याची नेमकी जागा टिपली. १९६३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ मार्टेन श्मिट यांनी त्याच्या वर्णपटातलं कोडं सोडवलं. रेषा हायड्रोजनच्याच होत्या, फक्त तांबड्याकडे १६ टक्के सरकलेल्या. म्हणजे हा ठिपका साधा तारा नव्हता, फार फार दूरचा होता. क्वेसारांची गोष्ट तिथून सुरू होते.

वाऱ्याची खूण १९६७ सालची. पीएचएल ५२०० या क्वेसारच्या वर्णपटात रॉजर लिंड्स यांना तेजस्वी रेषांच्या निळ्या बाजूला रुंद काळे पट्टे दिसले. वाटेतला वायू प्रकाश गिळत होता आणि सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने आपल्याच दिशेने येत होता. रात्री मतलई वारा जमिनीकडून दर्यावर सुटतो, तसा हा केंद्राकडून बाहेर सुटलेला.

पण हा वारा भोवतालच्या दीर्घिकेचं काय करतो? दीपगृहाचा झोत डोळ्यांवर आला की मागचा डोंगर दिसत नाही. क्वेसारच्या लखलखाटात त्याची दीर्घिका तशीच हरवते. म्हणून १९९८ सालचा सिल्क आणि रीस या खगोलशास्त्रज्ञांचा निबंध मला फार मोलाचा वाटतो. त्यांचा हिशेब असा: कृष्णविवर पुरेसं मोठं झालं की त्याचा वारा दीर्घिकेतला वायू उधळून लावू शकतो. मग नवे तारे जन्मायचे थांबतात आणि विवराचा स्वतःचा घासही तुटतो. २००० साली दोन गटांनी दाखवून दिलं, की विवराचं वस्तुमान दीर्घिकेच्या मधल्या फुगवट्यातल्या ताऱ्यांच्या वेगाशी बांधलेलं आहे. ते तारे विवराच्या ओढीच्या कितीतरी पलीकडचे! दोघांचं काही नातं असल्याशिवाय हे जुळणार कसं?

मग वारा प्रत्यक्ष मोजला जाऊ लागला. २०१० मध्ये मार्केरियन २३१ या दीर्घिकेमधून थंड रेण्वीय वायू, म्हणजे ताऱ्यांचा कच्चा मालच, वर्षाला शेकडो सूर्यांइतका बाहेर पडताना सापडला. २०१३-१४ मध्ये पीडीएस ४५६ या क्वेसारवर दोन क्ष-किरण दुर्बिणी एकाच वेळी रोखल्या गेल्या: एक्सएमएम-न्यूटन आणि नूस्टार. तिथला वारा एका झोतात नव्हता, जवळजवळ चहूकडे सुटला होता, प्रकाशाच्या सुमारे पाव वेगाने.