रूट केलेल्या फोनवरील फाइल मॅनेजर

रूट केलेल्या, म्हणजे 'रूट' या सर्वोच्च वापरकर्त्याचा अधिकार खुला करून घेतलेल्या अँड्रॉइड फोनवर त्या अधिकाराने काम करणारे आणि साठवणीतला जवळपास कुठलाही फोल्डर उघडून त्यात फेरफार करू देणारे ॲप. बोलताना त्याला सरसकट 'रूट एक्सप्लोरर' म्हणतात. ते मुळात स्पीड सॉफ्टवेअरच्या एका ॲपचे नाव. झेरॉक्सचे झाले तसे त्याचे झाले. मिक्सप्लोरर, सॉलिड एक्सप्लोरर, अमेझ, मटेरियल फाइल्स ही याच कामाची आणखी काही ॲप्स. त्यांतली शेवटची दोन मुक्त स्रोत आहेत. आयफोनच्या दुनियेत जेलब्रेक केलेल्या, म्हणजे कंपनीची बंधने तोडलेल्या फोनवर हेच काम 'फिल्झा' करते.

साध्या फाइल मॅनेजरला फोटो, गाणी, डाउनलोड आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या लग्नपत्रिका दिसतात. त्यामागे फोनचे खरे घर असते आणि त्याचे दार रूट अधिकाराशिवाय उघडत नाही: प्रत्येक ॲपचा खासगी फोल्डर, सिस्टिमच्या फाइली, फॉन्ट, आवाज, जतन केलेले वायफाय पासवर्ड. (फोल्डरांची नावे या नोंदीत देवनागरीत दिली आहेत, पडद्यावर ती रोमन अक्षरांत दिसतात.)

अधिकाराचा हिशेब

अँड्रॉइड लिनक्स कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर उभे आहे. एकाच यंत्रावर अनेक माणसांनी काम करावे आणि एकाच्या फाइलींना दुसऱ्याचा हात लागू नये, ही लिनक्समधली जुनी सोय. अँड्रॉइडने तीच सोय माणसांऐवजी ॲप्सना लावली. ॲप फोनमध्ये टाकले की त्याला १०००० च्या पुढचा एक क्रमांक मिळतो आणि 'डेटा/डेटा' या फोल्डरात त्याच्या नावाची एक खोली. जुन्या वाड्यातल्या बिऱ्हाडांसारखे हे चालते: एका बिऱ्हाडाने दुसऱ्याच्या खोलीत डोकवायचे नाही, आणि वाड्याच्या मालकाकडे मात्र किल्ल्यांचा जुडगा. त्या मालकाचा क्रमांक शून्य, नाव रूट.

फाइल मॅनेजर स्वतः बिऱ्हाडकरूच असतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. फोन रूट केल्याने त्याची बढती होत नाही. तो 'एसयू' नावाची आज्ञा चालवतो, रूटचा कारभार पाहणारे ॲप पडद्यावर 'परवानगी द्यायची का?' असे विचारते, आणि ठराविक सेकंदांत होकार मिळाला नाही तर तो नकार समजला जातो. होकार मिळाला की मॅनेजरच्या हाताशी रूटचा एक शेल, म्हणजे लेखी आज्ञा घेऊन त्या पाळणारा प्रोग्रॅम, उघडा राहतो. पुढे तुम्ही बोटाने फोल्डर उघडता, कॉपी करता, नाव बदलता, तेव्हा मागे बहुधा त्या शेलमध्ये किंवा रूटने चालवलेल्या दुय्यम प्रक्रियेत तीच कामे होत असतात. होकार 'एकदाच', 'दहा मिनिटे' की 'कायमचा' द्यायचा हेही तिथेच ठरते. लोक कायमचा देतात.

रूटचा हा शेल अँड्रॉइडच्या पहिल्याच फोनमध्ये चुकून उघडा राहिला होता. २००८ मध्ये बाजारात आलेल्या एचटीसी ड्रीम (टी-मोबाइल जी१) या फोनच्या सुरुवातीच्या सॉफ्टवेअरमध्ये की-बोर्डवर टाइप केलेले प्रत्येक अक्षर पडद्यामागे रूटच्या शेललाही पोचत असे. गप्पा मारता मारता नव्या ओळीवर 'रीबूट' एवढा एक शब्द लिहून एंटर दाबला, तर फोन खरोखरच रीबूट व्हायचा. ही चूक लगेच दुरुस्त झाली. त्यानंतर रूट मिळवण्यासाठी वेगवेगळ्या वाटा निघाल्या. बरीच वर्षे 'चेनफायर' या टोपणनावाने लिहिणाऱ्या विकासकाचे सुपरएसयू चालले. २०१६ मध्ये जॉन वू यांचे मॅजिस्क आले आणि हळूहळू त्याने ती जागा घेतली. बहुतेक फोनवर आधी बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टिम चढवणारा प्रोग्रॅम) अनलॉक करावा लागतो, आणि त्या वेळी फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. उडालेले फोटो परत काढण्यासाठी फोन रूट करायला निघालेल्यांची पंचाईत होते ती इथेच.

फाइल परत ठेवणे

मॅनेजरने फाइल पाहणे सोपे आहे. ती काढून नेणेही सोपे. परत ठेवणे अवघड, आणि या विषयातले खरे ज्ञान त्यातच आहे.

समजा, एखाद्याने फोन रीसेट करण्यापूर्वी एका खेळाचा 'डेटा/डेटा' मधला फोल्डर मेमरी कार्डावर उतरवून ठेवला. महिनोन्महिने खेळून गाठलेली पातळी त्यात आहे. रीसेटनंतर खेळ पुन्हा टाकला, फोल्डर जागेवर चिकटवला, आयकॉन दाबला. पडदा क्षणभर काळा झाला आणि खेळ बंद. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. फाइल जशीच्या तशी आहे, एक बाइटही इकडचा तिकडे नाही. मग फाइलवर बोट दाबून धरून गुणधर्म उघडावे, तर मालकाच्या रकान्यात 'रूट' आणि परवानगीच्या रकान्यात ६००. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचे १ असे गुण धरून मालक, गट आणि इतर यांच्यासाठी एकेक अंक लिहितात. ६०० म्हणजे मालकाने वाचावे-लिहावे, बाकी कोणी हात लावू नये. कॉपी रूटने केली, म्हणून नवी फाइल रूटची झाली आणि ज्या खेळाची ती, त्यालाच ती वाचता येईना.

वरच्या फोल्डराचा मालक पाहिला तर तिथे 'यू०_ए१८७' असे काहीतरी असते. त्याचा अर्थ शून्य क्रमांकाच्या वापरकर्त्याचे १८७ क्रमांकाचे ॲप. (हा शून्य रूटचा नव्हे, फोन वापरणाऱ्या माणसाच्या खात्याचा.) कर्नलच्या वहीत १०१८७. रीसेटच्या आधी याच खेळाचा क्रमांक वेगळा असू शकतो, कारण ॲप नव्याने टाकले की क्रमांकही नव्याने मिळतो. म्हणून जुना क्रमांक आठवून उपयोग नाही. आजचा पाहायचा आणि आतल्या प्रत्येक फाइलीचा मालक आणि गट तोच करायचा.

एवढे करूनही खेळ उघडला नाही तर तिसरी गोष्ट तपासायची: एसईलिनक्स या लिनक्समधल्या जादा सुरक्षा यंत्रणेचे लेबल. अँड्रॉइड ५.० पासून प्रत्येक फाइलीवरच्या या चिठ्ठीची तपासणी सक्तीची झाली आणि मालक, परवानगी बरोबर असूनही चिठ्ठी चुकीची असेल तर दार बंद. सगळ्याच मॅनेजरांत ती बदलायची सोय नसते. टर्मिनलमध्ये 'रिस्टोअरकॉन' ही आज्ञा द्यावी लागते. नवशिके सहसा इथेच हात टेकतात.

मुळात चूक झाली होती ती पहिल्याच पायरीवर. फॅट किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेल्या मेमरी कार्डावर मालक आणि परवानगी लिहून ठेवायला जागाच नसते. फोल्डर तिथे उतरला तेव्हाच ती माहिती गळून गेली. जाणकार आधी फोल्डराचा 'टार', म्हणजे सगळ्या फाइलींचा एकच गठ्ठा करतात, कारण त्या गठ्ठ्यात मालक आणि परवानग्याही बांधल्या जातात. मग तो गठ्ठा कुठेही ठेवला तरी चालतो. हार्डवेअरमधल्या किल्लीने आपला डेटा कुलूपबंद करणाऱ्या ॲप्सना मात्र हा उपायही पुरत नाही. रीसेटबरोबर किल्ली जाते आणि हातात नुसता कुलूप लावलेला पेटारा उरतो. सिग्नल हे त्याचे परिचित उदाहरण.

देवनागरीसाठी रूट

मराठी वाचकांचा या साधनाशी संबंध आला तो एका फार साध्या गरजेपोटी. अँड्रॉइड २.२ आणि २.३ च्या काळात बऱ्याच फोनवर देवनागरी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसत. ऑपेरा मिनी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये शिरून अक्षरे चित्ररूपात मागवण्याची युक्ती होती, पण ती त्या ब्राउझरपुरती. एसएमएस आणि फेसबुकवर चौकोन कायम. ज्यांना ते सोसवेना त्यांनी फोन रूट केला, देवनागरी अक्षरे असलेली फॉन्ट फाइल आणली, 'सिस्टिम/फॉन्ट्स' मधल्या 'ड्रॉइडसॅन्सफॉलबॅक' या फाइलीच्या जागी ठेवली आणि परवानगी ६४४ केली. परवानगी विसरली तर फोन कधी कंपनीच्या लोगोवरच अडकून बसे.

चौकोन गेले, पण वाचण्याचे सुख पुरते मिळाले नाही. फॉन्ट फक्त अक्षरांची चित्रे पुरवतो. ती जोडण्याचे काम सिस्टिमचे, आणि ते तिला येत नव्हते. 'विठ्ठल' लिहिले की पहिली वेलांटी 'व'च्या आधी न येता नंतर उमटून 'ठ'च्या डोक्यावर बसायची, 'ठ्ठ' फुटायचा आणि मधला पाय मोडलेला दिसायचा. तरी लोक वाचत. पुढच्या आवृत्त्यांत जोडाक्षरे सुधारली, २०१४ मध्ये अँड्रॉइड ५.० बरोबर फोनच्या सूचनाही मराठीत आल्या, आणि ही उठाठेव करण्याचे कारण संपले.

सिस्टिमचा भाग

ज्या भागात फॉन्ट, आवाज आणि कंपनीने आधीच भरलेली ॲप्स असतात तो एरवी फक्त वाचण्यापुरता जोडलेला असतो. जुन्या फोनवर रूट एक्सप्लोररमध्ये वरच्या बाजूला एक बटण असे. ते दाबले की हा भाग लिहिण्यायोग्य व्हायचा. मग कॅमेऱ्याचा 'खटॅक' बंद करणे, 'होस्ट्स' फाइलीत ओळी भरून जाहिराती अडवणे, फोन सुरू होतानाचे चलच्चित्र बदलणे असे उद्योग चालत. या चलच्चित्राची झिप फाइल दाबून लहान केलेली चालत नाही, नुसती बांधलेली लागते. मॅनेजरने नेहमीच्या सवयीने ती दाबली की सुरू होताना पडदा काळा.

नको असलेली ॲप्स 'सिस्टिम/ॲप' मधून उडवणे हा सर्वांत लोकप्रिय उद्योग, आणि त्यातली अपेक्षा बहुधा फोल ठरे. जागा मोकळी होते ती सिस्टिमच्या भागात. फोटो आणि ॲप्सना मिळणारी जागा वेगळ्या भागात असते, ती तसूभरही वाढत नाही. शिवाय अँड्रॉइड ५.० पासून अद्ययावत करण्याची जी पद्धत आली ती या भागाचा ठोकळा न ठोकळा ताडून पाहते. तो भाग एकदा लिहिण्यायोग्य जोडला, तरी काहीही न बदलता अपडेट फसू शकते.

धोके

'एसडीकार्ड', 'स्टोरेज/इम्युलेटेड/०' आणि 'डेटा/मीडिया/०' या तीन वाटा एकाच जागी पोचतात. रूट केलेल्या मॅनेजरला तिन्ही दिसतात. तेच फोटो तीन ठिकाणी पाहून 'उगाच प्रती पडल्यात' असे वाटते, जागा वाचवायला एक संच पुसला जातो, आणि तिन्हीकडचे फोटो एकदम नाहीसे होतात. रूटने पुसलेले बहुतेक ॲप्समध्ये कचरापेटीतही जात नाही.

दुसरा धोका खासगीपणाचा. व्हॉट्सॲपचे संदेश वाटेत कितीही कूटबद्ध असले तरी फोन उघडा असताना त्याच्या खासगी फोल्डरातला डेटाबेस रूटला सरळ वाचता येतो. काही मॅनेजरांत डेटाबेस पाहण्याची सोय असतेच. अनेक फोनवर वायफायचे पासवर्ड 'डेटा/मिस्क' खालच्या एका फाइलीत साध्या अक्षरांत मिळतात. घरातला विसरलेला पासवर्ड तिथून काढणे हा निरुपद्रवी उपयोग, आणि अँड्रॉइड १० पासून क्यूआर कोडने तो फोनच दाखवू लागल्याने आता अनावश्यकही. पण ज्याला कायमचा होकार दिला त्या ॲपलाही हे सगळे वाचता येते. २०१९ च्या जानेवारीत ईएस फाइल एक्सप्लोरर या अतिशय लोकप्रिय मॅनेजरमध्ये ५९७७७ क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरून आत येण्याचे दार, उघडा राहत असल्याचे उघडकीस आले. त्याच वायफायवरच्या कोणालाही त्यातून फोनमधल्या फाइली मिळवता येत होत्या. त्याच वर्षी ते गूगल प्ले स्टोअरवरूनही हटले. रूट अधिकार देताना ॲप कोणाचे हे पाहायला हवे, ते यासाठी.

बँकांची आणि यूपीआयची अनेक ॲप्स रूट केलेल्या फोनवर चालायला नकार देतात. मॅनेजर काढून टाकल्याने हा नकार मागे घेतला जात नाही.

सध्याची स्थिती

अँड्रॉइड १० नंतरच्या पुष्कळ फोनवर सिस्टिमचा भाग लिहिण्यायोग्य करताच येत नाही. काहींवर तर तो ईआरओएफएस या केवळ वाचनासाठी बनलेल्या पद्धतीत असतो. ते जुने बटण दाबून आता त्रुटीचा संदेश तेवढा मिळतो. बदल करायचे ते मॅजिस्कच्या मॉड्यूलमधून, म्हणजे त्याला जोडायच्या छोट्या पुरवणीतून: मूळ फाइलीला हात न लावता सुरू होताना तिच्यावर दुसरी फाइल पांघरली जाते. उलट दुसऱ्या बाजूला मॅनेजरची गरज वाढली आहे. अँड्रॉइड ११ पासून मेमरीतला 'अँड्रॉइड/डेटा' हा फोल्डर साध्या मॅनेजरांना बंद झाला, आणि पूर्वी कोणीही उघडत असे त्या जागेसाठी आता लोक रूट वापरतात.

मॉड्यूल चुकीचे निघाले आणि फोन बूटलूपमध्ये गेला, म्हणजे पुरता सुरू न होता पुन्हा पुन्हा रीबूट होत राहिला, तर रिकव्हरीतल्या (दुरुस्तीसाठीच्या वेगळ्या छोट्या सिस्टिममधल्या) फाइल मॅनेजरमधून, तिथे डेटा उघडता येत असेल तर, 'डेटा/एडीबी/मॉड्यूल्स' मधल्या त्या मॉड्यूलच्या फोल्डरात 'डिसेबल' नावाची एक रिकामी फाइल तयार करतात. तिच्यात एक अक्षरही लिहायचे नसते. मॅजिस्क नाव पाहते आणि ते मॉड्यूल सोडून पुढे जाते.