एसीच्या कॉम्प्रेसरने टायरमध्ये हवा भरताना

अमेरिकेतील युटा राज्यात मोआबच्या खडकांवर किंवा कॅलिफोर्नियातील रुबिकॉन ट्रेलवर जीप घालण्यापूर्वी चालक टायरमधली बरीच हवा सोडून देतात. दाब ३५ पीएसआयवरून १५ वर आला की टायर पसरतो, त्याचा जमिनीला टेकणारा भाग लांबतो आणि खडकावर पकड मिळते. अडचण येते ती परतीच्या डांबरी रस्त्यावर. आत सुमारे १०० लिटर जागा असलेल्या मोठ्या टायरचा दाब पुन्हा ३५ वर न्यायचा, तर बाहेरची सुमारे १३५ लिटर हवा त्यात कोंबावी लागते. चार टायरांसाठी हा आकडा साडेपाचशेच्या आसपास जातो. डॅशबोर्डच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप एवढ्या कामात तापून दमतो. इंजिनाच्या पट्ट्यावर मात्र एक दणकट कॉम्प्रेसर आधीच बसवलेला असतो, तो म्हणजे एसीचा. जुन्या जीपवाल्यांनी त्यालाच हवा भरण्याच्या कामाला लावले.

या कामात यॉर्क कंपनीच्या जुन्या, दोन पिस्टनांच्या कॉम्प्रेसरचे नाव सर्वात आदराने घेतले जाते. त्याचे मोठे मॉडेल एका फेरीत सुमारे १० घन इंच, म्हणजे १६४ घन सेंटिमीटर वायू ओढते. मिनिटाला २,००० फेऱ्या धरल्या तर हिशेबाने सव्वातीनशे लिटर होतात. दाब वाढत जाईल तसे प्रत्यक्षात यापेक्षा बरेच कमी मिळतात, तरीही काम काही मिनिटांत उरकते.

कॉम्प्रेसरला शीतक (एसीत फिरून थंडावा देणारा पदार्थ) काय आणि हवा काय, दोन्ही सारखेच, असे वरवर वाटते. पण एसीच्या बंद मंडलात फिरणारा शीतक त्याच्यासाठी तीन कामे गुपचूप करत असतो. तो वंगणाचे तेल फिरवून परत आणतो, थंड होऊन येत असल्यामुळे यंत्राची उष्णता वाहून नेतो आणि तो कोरडा असतो. हवा यांपैकी एकही काम करत नाही.

तेलाचा प्रश्न सर्वात आधी उभा राहतो. सँडेन कंपनीच्या पाच किंवा सात पिस्टनांच्या, अनेक गाड्यांत आढळणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये वंगणाची बरीचशी मदार शीतकाबरोबर फिरणाऱ्या तेलावर असते. त्यातून हवा जाऊ लागली की तेल हवेबरोबर बाहेर पडते आणि परत येतच नाही. म्हणून आत येणाऱ्या हवेत थेंबथेंब तेल सोडणारे साधन आणि बाहेर जाणाऱ्या हवेतून ते पुन्हा वेगळे करणारा फिल्टर, अशी दुहेरी व्यवस्था करावी लागते. यॉर्कचा मान इथेच आहे: इंजिनाप्रमाणे त्याला स्वतःचे तेलाचे चेंबर आहे. थोडे तेल त्यातूनही निसटते, त्यामुळे फिल्टरची गरज टळत नाही. आणि अशी तेलकट हवा श्वसनासाठी कधीही वापरू नये.

उष्णतेची गोष्ट अधिक रंजक आहे. हवेचे रेणू प्रामुख्याने दोन अणूंचे असतात, तर आर-१३४ए या शीतकाच्या रेणूत आठ अणू असतात. वायू दाबताना आपण त्याला जी ऊर्जा देतो तिचा मोठा वाटा आठ अणूंचा रेणू आतल्या आत फिरण्यात आणि थरथरण्यात जिरवतो. हवेच्या रेणूला तशी सोय फारशी नसल्यामुळे तापमान झपाट्याने चढते. २७ अंश सेल्सिअसची हवा, उष्णता बाहेर न जाऊ देता, आठ पट दाबावर नेली, तर ती सिद्धांतानुसार सुमारे २७० अंशांवर पोहोचते. आर-१३४ए तेवढ्याच दाबवाढीत ९० अंशांच्या आसपास राहील. प्रत्यक्षात धातू बरीच उष्णता शोषून घेतो, तरीही बाहेर पडणाऱ्या हवेच्या पहिल्या टप्प्यात साधी रबरी नळी टिकत नाही. तिथे पोलादी जाळीचे वेष्टन असलेली टेफ्लॉनची नळी लावतात.

ही तापलेली हवा साठवणीच्या टाकीत निवली की तिच्यातली वाफ पाणी होऊन तळाशी साचते, म्हणून टाकीच्या तळाला पाणी काढण्याची तोटी हवीच. कॉम्प्रेसर आणि टाकी यांच्यामध्ये एकमार्गी झडप असते, आणि ठरलेला दाब गाठताच कॉम्प्रेसरला पट्ट्याच्या पुलीशी जोडणारा विद्युतचुंबकीय क्लच सोडणारा प्रेशर स्विचही असतो. तो स्विच अडकला तर टाकी वाचवते ती सुरक्षा झडप. खर्च वाचवण्यासाठी पीव्हीसी पाइपची टाकी करणे हा निव्वळ वेडेपणा आहे, कारण तो फुटला की त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या उडतात.

एसीच्या चालू मंडलातला कॉम्प्रेसर काढण्याआधी शीतक यंत्राने ओढून साठवून घ्यावा लागतो. अमेरिकेत तो मुद्दाम हवेत सोडणे बेकायदा आहे: आर-१२ हा जुना शीतक ओझोनचा थर विरळ करतो, तर आर-१३४ए शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक तापमानवाढ घडवतो. शिवाय दाबाखाली हवेत विशिष्ट प्रमाणात मिसळलेला आर-१३४ए पेट घेऊ शकतो.

अनेक नव्या गाड्यांमध्ये हा उद्योग जमत नाही. त्यांच्या कॉम्प्रेसरला क्लचच नसतो. ते पुलीबरोबर सतत फिरतात आणि पिस्टनची धाव कमीजास्त करून गरजेपुरते काम करतात, आणि ती धाव ठरवणारी झडप एसीच्या मंडलातील दाबांसाठी जुळवलेली असते. म्हणून हौशी मंडळी अजूनही भंगाराच्या आवारात जुन्या व्होल्वो २४० चे बॉनेट उघडून यॉर्क शोधताना दिसतात.