कळींची मांडणी की कीबोर्डची ठेवण: मराठी टायपिस्टच्या हाताला मुंग्या कशाने येतात?

डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात भरलं की टायपिस्टांची बैठक लांबते. बोटांना मुंग्या येऊ लागल्या की सल्ला मिळतो, रेमिंग्टन (जुन्या टाइपरायटरची मांडणी) सोडा, इनस्क्रिप्ट (संगणकासाठीची प्रमाण मांडणी) शिका. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. कोणतं अक्षर कोणत्या कळीवर, ही झाली मांडणी. कीबोर्ड किती उंच, किती तिरपा, ही ठेवण. मुंग्यांसाठी आधी ठेवण तपासावी.

मनगटातल्या कार्पल टनेल नावाच्या अरुंद बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा आणि मिडियन नस जाते. मनगट सरळ असताना आतला दाब अगदी कमी असतो. ते वर किंवा खाली वळलं की दाब कित्येक पटींनी वाढतो, मग बोटाखाली 'क' असो की 'त'.

मांडणीने फरक पडतो तो बोटांच्या कामात. 'आणि' घ्या. रेमिंग्टनमध्ये (कृतिदेव फॉन्ट) अ, काना, ि, अर्धा ण, काना अशा पाच कळी, शिफ्ट एकदाही नाही. इनस्क्रिप्टमध्ये तीनच कळी, पण आ आणि ण दोन्ही शिफ्टवर. 'स्त'ला उलटं: रेमिंग्टनमध्ये अर्ध्या स साठी शिफ्ट लागते, इनस्क्रिप्टमध्ये स, हलन्त (अक्षराचा पाय मोडणारी खूण), त सरळ. एक वाचवते तिथे दुसरी खर्च करते. अडचण अक्षर दाबणाऱ्या हातानेच शिफ्टही दाबण्याच्या सवयीत आहे. करंगळी ताणली जाते आणि मनगट तिच्या बाजूला वाकतं. म्हणून 'आ' डाव्या हाताला, तर शिफ्ट उजवी दाबा. इंग्रजीसाठी 1936 साली पेटंट झालेल्या ड्वोरॅक मांडणीत बोटांचा प्रवास कमी होतो, पण तिने कार्पल टनेलचा त्रास (तिथली नस दबणं) टळतो हे सिद्ध झालेलं नाही.

ठेवण मात्र आजच बदलता येते, खर्चही नाही. कीबोर्डचे मागचे पाय मिटवा. ते उभे असले की पंजा वर उचलला जातो, नेमका दाब वाढवणारा कोन. टेबल बहुधा 75 सेंटिमीटरचं, मध्यम उंचीच्या माणसाला टायपिंगसाठी उंच पडतं. कोपर कीबोर्डच्या मधल्या ओळीच्या पातळीला येईल इतकी खुर्ची वर घ्या आणि पाय लोंबकळले तर खाली पाट ठेवा. मनगट टेबलाच्या कडेवर टेकवून टाइप करू नका. पाम-रेस्ट (कीबोर्डपुढची तळहाताची उशी) फक्त थांबल्यावर टेकायला. मनगटं बाहेरच्या बाजूला वळतच असतील तर दोन भागांत विभागलेला कीबोर्ड उपयोगी पडतो.

एवढं करूनही त्रास राहिला, तर मूळ टायपिंगबाहेर असू शकतं. मधुमेह, थायरॉइडची कमतरता आणि गरोदरपण ही नेहमीची कारणं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होणं, रात्री जाग येणं, हात झटकल्यावर बरं वाटणं ही खूण कार्पल टनेलच्या त्रासाची. रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट सुरुवातीच्या त्रासात आराम देतो. करंगळी बधिर होत असेल तर ती वेगळी नस आहे, बहुधा कोपराशी दबलेली, आणि तिथे मनगटाचा स्प्लिंट कामाचा नाही. अंगठ्याची पकड सैल झाली, वस्तू हातून निसटू लागल्या, तर नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत दाखवा.