मॅचिंगला येताना साडीच आणा, फोटो नको

आमच्या काउंटरवर रोज एकदा तरी हे होतंच. "दादा, हा बघा फोटो, ह्याच रंगाचं ब्लाउजपीस द्या." आम्ही म्हणतो, "ताई, साडी घेऊन या ना." काहींना राग येतो. दुकान कापडानं भरलंय, ग्राहक दारात उभा आहे आणि हे द्यायला तयार नाहीत! आम्हीही माल विकायलाच बसलोय. तरी नाही का म्हणतो, ते इथे लिहून ठेवतोय.

मागे लग्नसराईत एक काकू रात्री साडेआठला आल्या. भाचीच्या लग्नात नेसायची चिंतामणी रंगाची साडी, आणि तिचा मोबाइलवरचा फोटो. घाई होती, आग्रह झाला, आम्ही 1 मीटर कापून दिलं. चार दिवसांनी साडी आणि शिवलेलं ब्लाउज दोन्ही घेऊन आल्या. काउंटरवर शेजारी शेजारी ठेवलं तर साडी निळ्याकडे झुकलेली आणि ब्लाउज चक्क हिरवट. कापड गेलं, शिलाई गेली, लग्न दोन दिवसांवर. ती चूक आमची होती, आम्ही कात्री लावायलाच नको होती. तेव्हापासून फोटोवरून कापत नाही.

रंग कापडात असतो असं आपण धरून चालतो. खरं तर कापड अंगावर पडलेल्या उजेडातला काही भाग शोषतं आणि उरलेला परत पाठवतं. डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी असतात तीनच प्रकारच्या. त्यांच्याकडून आलेले संदेश ताडून पाहून रंग ठरवतो तो मेंदू. ठरवताना तो आजूबाजूचा उजेड कसा आहे याचा अंदाज घेतो आणि तेवढा भाग वजा करतो. म्हणून पांढरा कागद पिवळ्या बल्बखालीही पांढराच दिसतो. मोबाइलचा कॅमेराही असाच अंदाज बांधतो, पण स्वतःच्या हिशोबानं, आणि पुष्कळदा चुकतो. वर स्क्रीनचा भडकपणा वेगळाच.

2015 साली एका ड्रेसचा फोटो जगभर फिरला, आठवत असेल. एकाच घरात कुणाला तो निळा-काळा दिसे, कुणाला पांढरा-सोनेरी. ड्रेस होता निळा-काळा. तो सावलीत आहे असं ज्यांच्या मेंदूनं धरलं, त्यांना पांढरा दिसला. एका फोटोवरून दोघांचं एकमत होत नसेल, तर त्यावरून आम्ही कापड कसं कापावं?

"रंग माझ्या डोळ्यांसमोर आहे" असंही सांगतात. पण आठवणीतला रंग बहुधा मूळ रंगापेक्षा ठसठशीत झालेला असतो. दोन कापडं शेजारी ठेवली तर तोच डोळा बारीकातली बारीक छटा पकडतो. आमच्याकडे रामा रंगाचीच सोळा ठाणं आहेत, ती उगाच नाहीत.

साडी आणलीत तरी आम्ही तुम्हाला दारापर्यंत चालवतो, याचंही काहींना नवल वाटतं. साडीचा रंग एका रसायनाचा, ब्लाउजच्या रुबिया कापडाचा दुसऱ्याच. ट्यूबखाली दोन्ही तंतोतंत जुळतात आणि उन्हात गेलं की वेगळे दिसतात, कारण दिव्याच्या आणि सूर्याच्या उजेडातलं रंगांचं मिश्रण वेगळं असतं. म्हणून आधी दिव्याखाली, मग पायरीवर, दोन्हीकडे जुळलं तरच कात्री. कार्यक्रम रात्रीचा असेल तर तसं सांगा, पिवळ्या दिव्याखालीही दाखवू.

काठाला मॅचिंग हवं असेल तर अजून एक गंमत आहे. हिरव्या अंगाच्या साडीवरचा लाल काठ आहे त्यापेक्षा जास्त लाल दिसतो, कारण मेंदू शेजारच्या रंगाशी तुलना करूनच पाहतो. पॅरिसच्या गोब्लँ या चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात 1824 पासून रंगखातं सांभाळणारे रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांच्याकडे तक्रार आली होती की काळी लोकर फिकी पडते. त्यांनी तपासलं तर लोकर उत्तम काळी होती, दोष शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांचा होता. संक्रांतीच्या आधी काळ्या साड्या येतात तेव्हा आम्हाला हेच रोज दिसतं. काळ्यात काळं जुळवणं सगळ्यात अवघड, एक निळसर तर दुसरं तांबूस. यासाठी आम्ही दोन भोकं पाडलेला करडा पुठ्ठा ठेवलाय. एका भोकाखाली काठ, दुसऱ्याखाली पीस. शेजारचे रंग झाकले की फरक लगेच कळतो.

धूपछाँव पैठणी असेल तर उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. नुसती घडी फिरवली तरी रंग बदलतो. अशा वेळी साडी खांद्यावर टाकून आरशात बघा आणि जो रंग समोर येतो तो धरा. वयस्कर मंडळींनी सोबत कुणाला आणलं तर बरं. वयानुसार डोळ्याचं भिंग पिवळसर होतं आणि निळ्या-हिरव्यातला फरक पुसट होतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर निळे रंग खुलून दिसू लागल्याचं आमच्या कितीतरी मावश्या सांगतात.

साडी आणणं अगदीच जमत नसेल तर आतल्या शिवणीतली चिंधी किंवा साडीसोबतचा ब्लाउजपीसचा तुकडा आणा. तेही नसेल तर आम्ही दोन-तीन शेडच्या चिंध्या, ठाणाचा नंबर लिहून, फुकट देतो. घरी खिडकीत सकाळी एकदा आणि रात्री दिव्याखाली एकदा साडीवर ठेवून बघा. जी दिसेनाशी होते, तिचा नंबर फोनवर कळवा, आम्ही कापून ठेवू. अस्तर आणि फॉलही त्याच नंबरानं मिळेल. कापलेलं कापड परत घेत नाही. दारातला उजेड सकाळी अकरा ते दुपारी चार चांगला असतो, जमल्यास त्या वेळेत या.