किरायाची खोली आणि घरचं घर (ग्रामीण विदर्भ)

विदर्भात भाड्याला किराया म्हणतात. खेड्यात किरायानं राहणारा म्हणजे बहुतेक बाहेरून आलेला नोकरदार, मास्तर नाहीतर नर्स, आणि आता तेही तालुक्याला राहून अप-डाऊन करतात. २०११ च्या जनगणनेत देशाच्या ग्रामीण भागात जवळपास ९५ टक्के कुटुंबं स्वतःच्या घरात होती, म्हणून शहरातल्यांना वाटतं खेड्यात घराचा प्रश्नच नाही, पण कुडाच्या भिंतीवर टिन टाकलेली एक खोलीसुद्धा त्यात स्वतःचं घर म्हणूनच मोजली जाते. किरायाची झळ बसते ती पोरं अमरावती-नागपूरला शिकायला गेल्यावर, रूम आणि मेस दोन्ही शेतीच्या पैशातून.

इथला खरा पेच जागेचा आहे. गावठाण भरलं की वेगळे निघालेले भाऊ गायरानावर, म्हणजे गुरं चारायच्या सरकारी जमिनीवर, घर बांधतात, ग्रामपंचायत टॅक्स घेते, नमुना ८ देते, पण तो कराचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही, आणि जागा नावावर नसली की घरकुल अडतं.

घरकुल म्हणजे २०१६ पासूनची पंतप्रधान आवास योजना ग्रामीण, आधी इंदिरा आवास होती. सपाट भागात मूळ अनुदान १ लाख २० हजार, डोंगराळ अन् दुर्गम भागात १ लाख ३० हजार, वर रोजगार हमीची मजुरी आणि संडासाचे १२ हजार. अनुसूचित जातींसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी योजना वेगळ्या आहेत. घर किमान २५ चौरस मीटरचं हवं.

आता काळी माती बघा. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया खोल खोदून मुरूम भरावाच लागतो, नाही भरला तर भिंती चिरतात, म्हणजे बरेच पैसे जमिनीतच जातात आणि मुरमाड जमिनीवर बांधणाऱ्याला मिळतात तेवढेच पैसे यालाही. हप्ता कामाचा फोटो चढल्यावर येतो, रेतीचा घाट, म्हणजे नदीतून रेती काढायची जागा, बंद असला की काम थांबतं आणि मग पुढचा हप्ताही थांबतो.

आमचं कवेलूचं, म्हणजे कौलाचं घर पाडलं तेव्हा असंच झालं, सगळा पावसाळा सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, ताडपत्रीखाली काढला, चूल भिजू नये म्हणून आई तिच्यावर टोपलं उपडं घालायची. स्लॅब पडला, पण दाराला पैसे उरले नाहीत, चौकटीला जुनी साडी बांधली होती, दार बसलं ते कापूस विकल्यावर.